बिनवासाचं गटार

उन्हाळ्यात धुळीला जोर येतो, आणि त्या जोरावर फवाऱ्याचं घर चालतं. पावसाळ्यात पाऊसच फुकट धुऊन देतो, थंडीत पाण्याचं नाव काढलं तरी लोकांच्या अंगावर काटा येतो. कामाचे दिवस म्हणजे हेच तीन-चार महिने, आणि नेमक्या त्याच महिन्यांत घोडं पेंड खायला बसलं.

फवाऱ्या हे अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तीनचाकी टेम्पोवर पाण्याची टाकी, टाकीमागे पंप, पंपाला लांब नळी आणि नळीच्या टोकाला बंदूक, एवढा संसार घेऊन तो दारोदार धुवायला जातो. ट्रक, ट्रॅक्टर, दुकानाच्या पायऱ्या, शाळेचं आवार, जे दाखवाल ते धुतो. बोलणंही तसंच, समोरचा भिजल्याशिवाय थांबत नाही. म्हणून फवाऱ्या. बायको त्याच्या अगदी उलट. साबण लावणं, घासणं, ब्रशाने कोपरे काढणं हे तिच्याकडे, आणि दिवसभरात तिच्या तोंडून निघणारे शब्द मोजायला हाताची बोटं पुरतात. ती बोटं मात्र बघवत नाहीत. साबणाने पेरं फुटलेली, नखांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या. जेवताना फटीत मीठ गेलं की ती क्षणभर डोळे मिटते आणि पुढचा घास घेते.

गावात असे धुणारे आणखी दोघे होते, पण मंडईचं काम फवाऱ्याकडे होतं. मासळीचे आणि मटणाचे मिळून चाळीस ओटे, आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, सगळं धुऊन काढायचं. हे काम त्याला मिळालं ते एका सवयीमुळे. बाकीचे दोघे पाणी मारायचे आणि निघून जायचे. मागे डबकी राहायची, त्यांवर माश्या घोंगावायच्या. फवाऱ्या शेवटी रबराची पट्टी लावलेला दांडा घ्यायचा आणि उरलंसुरलं सगळं पाणी ओढत नेऊन गटारात घालायचा. मंडईत गटाराची तोंडं दोन. एक शौचालयाच्या मागे, लोखंडी झाकणाचं, त्याच्या आसपास उभं राहवत नसे. दुसरं फाटकाजवळ, उघड्या जाळीचं, त्याला वासबिस काही नाही. फवाऱ्या नेहमी या दुसऱ्यात पाणी घालायचा. आधीच घाण वास मारतोय तिथे आणखी घाण कशाला, असा त्याचा सरळ विचार. अकरा वर्षं तो असंच करत आला, आणि मंडईवाले त्याचं उदाहरण इतरांना देत आले.

त्या वर्षी तळं आटलं. गाव उतारावर आहे आणि उताराच्या तळाशी तळं. बायकोची थोरली बहीण ते करारावर घेऊन मासे पाळते. तिला सगळेच ताई म्हणतात. काठावर एक खोली, बाहेर वाळत घातलेल्या जाळ्या, आणि पहाटेपासून गुडघाभर पाण्यात उभी राहिलेली ती, असं तिचं आयुष्य. त्या उन्हाळ्यात पाणी काठापासून वीस पावलं आत सरकलं, चिखलाला भेगा पडल्या, आणि रस्त्याकडून येणारा मोठा पाइप जिथे तळ्यात उघडतो तिथे पांढरा फेस साचून राहिला. भरल्या तळ्यात तो विरून जायचा, कुणाला कधी दिसला नव्हता. फेसाच्या कडेने मासे पोट वर करून तरंगू लागले. पहिल्या दिवशी नऊ, दुसऱ्या दिवशी टोपलीभर.

ताई टोपली डोक्यावर घेऊन निघाली. बहिणीच्या दारावरून गेली, पण आत वळली नाही. सरळ कचेरीत जाऊन पाहणीवाल्या बाईंच्या टेबलावर तिने टोपली ठेवली आणि वास सगळ्या कचेरीत पसरेपर्यंत तिथेच उभी राहिली. दुपारी नोटीस लागली. गाडीवर फिरून धुण्याची कामं बंद. ज्याला चालू ठेवायची असतील त्याने धुतलेलं पाणी तळ्यात जात नाही हे आठ दिवसांत दाखवून द्यावं. नाहीतर परवाना रद्द, आणि मंडईचं कामही गेलं.

नोटीस वाचून फवाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं, पण कचेरीत पोचेपर्यंत ते परत आलं. त्याने बाईंना सगळं ऐकवलं. डबकी करणारे दुसरे, फुकटचा मार आपल्याला, असा त्याचा एकूण सूर होता.

"मी सगळं पाणी गटारात घालतो, बाई. रस्त्यावर काही ठेवत नाही. विचारा कुणालाही."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणत्या गटारात?"

"कोणत्या म्हणजे? गटार म्हणजे गटार."

बाई वयाने लहान होत्या, पण त्यांच्यात घाई नव्हती. त्या शिपायाला झाकण उचलायचा लोखंडी आकडा घ्यायला सांगून उठल्या आणि त्याला मंडईत घेऊन गेल्या. शिपायाने शौचालयामागचं झाकण उचललं तसा फवाऱ्याने नाकाला रुमाल लावला. हे घाणीचं, बाई म्हणाल्या. हे गावाबाहेरच्या केंद्रात जातं, तिथे पाणी गाळतात, शुद्ध करतात, मग सोडतात. मग त्या फाटकापाशी आल्या आणि चपलेच्या टोकाने जाळी दाखवली.

"आणि हे पावसाचं. रस्त्यावर पाणी तुंबू नये म्हणून केलेलं. याचं पाणी कुणी गाळत नाही, शुद्ध करत नाही. इथून सरळ तळ्यात."

फवाऱ्या वाकून जाळीत बघत राहिला. आत कोरडा सिमेंटचा पाइप होता आणि त्याच्या तळाला माशांचे खवले चिकटले होते, वाळून चकचकीत झालेले. ते खवले कुणी तिथवर पोचवले हे त्याला विचारायला नको होतं.

"आपण दोघांनाही गटारच म्हणतो," बाई म्हणाल्या. "घोळ तिथेच होतो."

बाकीच्या दोघांची डबकी उन्हाने पिऊन टाकली होती. त्यांचा आळस तळ्याला फारसा बाधला नव्हता. साबण, रक्त, ट्रकचं तेल, सगळं निगुतीने गोळा करून ताईच्या तळ्यात नेऊन सोडणारा गावात एकटा फवाऱ्या होता. चांगुलपणा असा अंगाशी आला की माणसाला रागवायलाही कुणी सापडत नाही. घरी न जाता तो तळ्यावर गेला. ताई मेलेले मासे खड्ड्यात पुरत होती. मला ठाऊक नव्हतं, एवढंच त्याला म्हणता आलं.

ताईने फावडं थांबवलं नाही. "भाऊजी, गावाची घाण तुम्ही धुतलीत आणि माझ्या ताटात आणून वाढलीत. ठाऊक नव्हतं हे या माशांना सांगा."

त्या दिवसापासून ताई फवाऱ्याला आणि बहिणीला पाण्यात पाहू लागली. फवाऱ्या घरी येऊन भिंतीला टेकून बसला आणि काही बोलला नाही. बायकोला खरी काळजी वाटली ती तेव्हा.

दुसऱ्या दिवशी त्याने वाळूची पोती भरली. दाणेवाल्याचा ट्रक धुवायचा आधीच ठरलेला होता, त्यावरच पाणी अडवून दाखवायचं असं त्याने ठरवलं. दाणेवाल्याच्या दुकानासमोरच्या पावसाच्या जाळीवर त्याने चार पोती रचली, बंदूक सुरू केली, आणि पाणी जाळीत जात नाही हे बघून जरा खूश झाला. पण जाळीत न गेलेलं पाणी जाणार कुठे? ते वळलं आणि दाणेवाल्याच्या उंबऱ्यातून आत गेलं. खालच्या थरातली अकरा पोती भिजली. दाणेवाल्याने रस्त्यात उभं राहून त्याचा उद्धार केला आणि ती पोती दोघांना एकेक करून पाठीवरून गच्चीवर उन्हात न्यायला लावली. जिना अरुंद होता. नवऱ्याच्या मागोमाग बायको चढत होती, ओलं पोतं मानेवर, आणि खालून बघ्यांपैकी कुणीतरी विचारलं की आता काय दाणेही धुवायला घेतलेत का. फवाऱ्याकडे याला उत्तर होतं, पण श्वास नव्हता.

संध्याकाळी जेवण झाल्यावर बायकोने ताट सारलं आणि एका दमात आठवड्याचे शब्द खर्च केले.

"अहो, आपण आधी पाणी मारतो आणि मग घाण शोधतो. आधी कोरडं झाडायचं. खवले, चरबी, माती, सगळं खरवडून पोत्यात. मग राहतं ते डाग. डागाला पाणी किती लागतं? आणि ते पाणी अडवून भागणार नाही, उचलून गाडीत घ्यायला हवं."

"गाडीत? टाकीच्या वजनाने आधीच चाकं फाकतात. दुसरी टाकी कुठे ठेवू, डोक्यावर?"

"एक रिकामी होते तशी दुसरी भरते. वजन वाढतं कुठे?"

फवाऱ्या उठून बाहेर गेला, टेम्पोकडे बघून आला आणि म्हणाला, "हे मला आधी का नाही सांगितलंस?" तुम्ही बोलत होतात, बायको म्हणाली.

पुढचे चार दिवस घरात उभं राहायला जागा नव्हती. मोठी टाकी देऊन त्याने निम्म्या मापाच्या दोन आणल्या, एक निळी चांगल्या पाण्याची आणि एक काळी घाणीची. भंगारवाल्याकडून शेतातला जुना पंप आणला, पाणी ओढून घेणारा, आणि त्याची चकती घासता घासता स्वतःचं कोपर सोलून घेतलं. बायको ताडपत्री घेऊन बसली. ट्रक उभा राहील एवढी ताडपत्री, चारी बाजूंनी दुमडून शिवलेली, दुमडीत वाळू भरलेली, म्हणजे पाणी कडेबाहेर जायला नको. मंडईसाठी तिने जाड कापडाच्या लांब नळ्या शिवल्या, मांडीएवढ्या जाड, त्यांतही वाळू. जाळीभोवती त्या वेटोळं घालून बसत. शिवणयंत्राला ते कापड झेपेना, तेव्हा तिने दाभण काढला. फुटलेल्या पेरांवर तिने चिंध्या बांधल्या, तरी कापडावर लाल ठिपके पडत होते. फवाऱ्या म्हणाला दे इकडे मी शिवतो. त्याने वीतभर शिवलं, तिने ते निमूटपणे उसवलं.

पहिली चाचणी मंडईच्या एका कोपऱ्यात घेतली. पंपाने दोन घोट पाणी ओढलं आणि गुदमरला. नळीचं तोंड खवल्यांनी बंद. फवाऱ्याने पंपाला आणि पंपाच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. बायकोने नळीच्या तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा दुहेरी बांधला आणि झाडू त्याच्या हातात दिला. कोरडं झाडण्यात आपण अळमटळम केली हे त्याला कळलं. दुसऱ्यांदा पाणी आलं, काळ्या टाकीत धो धो पडलं, आणि तो आवाज ऐकून त्याच्या अंगावर रोमांच उभे राहिले.

बाईंना जाऊन सांगितलं. काळ्या टाकीतलं पाणी गाळून, सावकाश, शौचालयामागच्या झाकणातच सोडायचं, असं त्यांनी लिहून दिलं आणि परीक्षा सुट्टीच्या दिवशी ठेवली. पूर्ण मंडई धुवायची. पाइपाच्या तोंडाशी कुणीतरी बसून राहायला हवं, त्या म्हणाल्या, शिपायाबरोबर दुसरं कुणीतरी.

"ताईंनाच बसवा," फवाऱ्या बोलून गेला.

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा माणूस असता तर जागीच वाळला असता. पण शब्द सुटला होता, आणि बाईंना तो आवडला होता.

सुट्टीच्या दिवशी सात वाजता दोघं मंडईत उतरले. तळ्यावर ताई पाइपासमोर स्टूल टाकून बसली होती, मांडीवर पांढरं भांडं. शेजारी शिपाई. इकडे मंडईत बाकीचे दोघे धुणारे, दाणेवाला आणि आणखी वीसेक रिकामटेकडे जमले होते. कुणी चांगल्यासाठी आलं होतं असं म्हणता येणार नाही. दोन तास तर पाण्याचं नावच नव्हतं. दोघं ओट्यांखाली वाकून खरवडत होते, झाडत होते, पोती भरत होते. धुवायला आलेत की केर काढायला, असं कुणीतरी बोललं. नऊ पोती भरली तेव्हा तो आवाज बंद झाला.

मग बायकोने फाटकाच्या जाळीभोवती वाळूच्या नळ्या अंथरल्या, पायाने दाबून फटी बुजवल्या आणि मान हलवली. फवाऱ्याने बंदूक उचलली. ओटा भिजवायचा, साबण, घासणी, पुन्हा थोडं पाणी. खाली उतरलेलं पाणी ती दांड्याने ढकलत सखल कोपऱ्यात आणत होती आणि तिथून पंप ओढत होता. निळी टाकी उतरत होती, काळी चढत होती. दहा ओटे झाले, वीस झाले. उन्हाने पत्रे तापले, दोघांच्या पाठीला कपडे चिकटले, साबण तिच्या पेरांत शिरत होता आणि ती ओठ दाबून घासत होती. बाई जाळीपाशी उकिडव्या बसून आत विजेरी मारत होत्या. वाळूच्या आतल्या बाजूला सिमेंट कोरडं होतं.

तिसाव्या ओट्यावर बाईंचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, फोन खाली घेतला आणि फवाऱ्याकडे बघितलं.

"शिपायाचा फोन. पाइपातून पाणी आलंय."

फवाऱ्याने बंदूक बंद करून ओट्यावर ठेवली. बाकीचे दोघे धुणारे एकमेकांकडे बघून हसले. बायको जाळीपाशी गेली, गुडघ्यावर बसली, वाळूच्या नळीखाली हात घालून पाहिला. कोरडा. आपली शिवण धड आहे हे तिला कळलं, पण पाणी आलं हेही खरं होतं, आणि दोन्ही एकदम खरं कसं, हे कुणाला सांगता येत नव्हतं. सगळा जमाव उतारावरून तळ्याकडे निघाला.

ताई स्टुलावरच होती. पाइपाच्या तोंडातून करंगळीएवढी धार येत होती आणि भांडं अर्धं भरलं होतं. शिपाई घड्याळ दाखवत वेळ सांगू लागला. ताईला यात काहीच बोलायची गरज नव्हती. पाणी आलं होतं, कचेरीच्या माणसाने पाहिलं होतं. ती नुसती गप्प बसली असती तरी फवाऱ्याचा टेम्पो कायमचा दारात उभा राहिला असता आणि तळ्याची काळजी मिटली असती. तिने भांड्यात दोन बोटं बुडवली, चोळली, नाकाशी नेली.

"हे यांचं पाणी नाही," ती म्हणाली.

बाईंनी विचारलं कशावरून.

"बुळबुळीत नाही. साबण नाही, तेल नाही. आणि हात घालून बघा. बाहेर पाय भाजतायत आणि पाइपातून हे पाणी एवढं गार येतं?"

बाईंनी बोट घातलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. फवाऱ्याच्या बायकोने बहिणीकडे बघितलं, मग वर रस्त्याकडे.

"बर्फवाला," ती म्हणाली.

सगळे पुन्हा चढावर. मंडईबाहेरच्या वळणावर बर्फवाल्याचं दुकान, दुकानासमोर पावसाची दुसरी जाळी, आणि जाळीभोवती ओलं. सुट्टीचा दिवस म्हणून त्याने पेट्या रिकाम्या करून ठेवल्या होत्या. एवढी माणसं दारात बघून तो घाबरलाच. बर्फाचंच तर पाणी, स्वच्छ, गटारातच टाकलं, रस्त्यावर नाही टाकलं, तो म्हणाला. फवाऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गटारं किती प्रकारची असतात यावर त्याला एवढं भिजवलं की शेवटी बाईंनीच त्याला सोडवलं.

राहिलेले दहा ओटे कसे धुतले गेले ते त्या दोघांनाही नंतर सांगता येईना. हात आपोआप चालत होते. दोन वाजता बाईंनी शिपायाला फोन लावला. धार थांबून तास झालाय, पाइप सुकलाय, आत पाल फिरतेय, असं तो म्हणाला. बाईंनी ते मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. फवाऱ्याचा जीव भांड्यात पडला, आणि तो फरशीवर बसून लहान मुलासारखा रडला. कुणाला काही वाटलं तर वाटो, असं त्याच्या तोंडावर होतं. दाणेवाल्याने त्याला पाणी आणून दिलं आणि उद्या ट्रक घेऊन येतो, म्हणाला.

बाईंनी परवाना तिथेच ओट्यावर ठेवून लिहिला. धुणाऱ्याच्या नावाच्या जागी त्यांनी बायकोचं नाव आधी घातलं, त्याचं नंतर. बाकीच्या दोघा धुणाऱ्यांना त्यांनी सांगितलं की त्यांना काम सुरू करायचं असेल तर आधी फवाऱ्याच्या बायकोकडे चार दिवस शिकायला जावं. दोघांचे चेहरे उतरले, पण संध्याकाळी दोघंही दारात हजर होते, ताडपत्री बगलेत घेऊन. बायकोने ती उलगडली, हाताने ताणून बघितली आणि याने भागणार नाही, असं सांगून परत पाठवलं. एवढ्या सुखाचं वाक्य तिच्या तोंडून आयुष्यात निघालं नव्हतं.

त्यानंतर ताई आली. उंबऱ्यात थांबली, मग चपला काढून आत आली आणि बहिणीचे हात उलटसुलट करून बघितले. बराच वेळ ते तिने सोडले नाहीत.

"उद्या सकाळी या दोघं," ती शेवटी म्हणाली. "माशांची साठ खोकी धुवायची आहेत. पण पाणी बरोबर घेऊन जायचं, सगळं. मी काठावर उभी राहून बघणार आहे."

फवाऱ्या मान खाली घालून बरं ताई, बरं ताई म्हणत राहिला.

"थेंब राहिला तर मला तळ्यात ढकल," बायको म्हणाली.

"नको गं," ताई म्हणाली, "मासे घाबरतील माझे."